अनामिक परीक्षण : स्वरूप, प्रयोजन आणि मर्यादा

'निनावी' हा शब्द मराठीत सहसा चांगल्या अर्थाने येत नाही. निनावी पत्र, निनावी तक्रार, निनावी अर्ज या शब्दप्रयोगांतून आडून वार करणाऱ्या मनुष्याचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि कचेऱ्यांतून अशा पत्रांना बहुधा केराची टोपली दाखविली जाते. विद्येच्या क्षेत्रात मात्र उलट प्रकार दिसतो. ज्याचे नाव लेखकाला कधीही कळणार नाही अशा परीक्षकाच्या अभिप्रायावर शोधनिबंधाचे भवितव्य सोपविले जाते, त्या निबंधावर पुढे पदव्या, नेमणुका व बढत्या अवलंबून राहतात, आणि तरीही ही पद्धती न्याय्य मानली जाते. हा विरोध खरा आहे की केवळ वरवरचा, हे ठरविण्यासाठी या पद्धतीचे कार्य, तिचा इतिहास आणि तिच्या मर्यादा या तिन्ही अंगांचा विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम संज्ञेकडे पाहू गेल्यास, इंग्रजीतील 'पियर' हा शब्द मूळ लॅटिन 'पार', म्हणजे 'समान', या शब्दापासून प्राचीन फ्रेंचच्या द्वारे आलेला आहे. आरोपीचा न्याय त्याच्या बरोबरीच्या लोकांनी करावा, या जुन्या कायदेविषयक कल्पनेत तो रुजलेला होता. विद्वत्प्रकाशनाच्या संदर्भात 'पियर रिव्ह्यू' हा प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रूढ झाला. मराठीत त्यासाठी 'समसमीक्षा', 'समकक्ष परीक्षण', 'तज्ज्ञ परीक्षण' असे पर्याय वापरले जातात. यांपैकी 'समसमीक्षा' या शब्दात दोन निरनिराळे घटक शेजारी आले आहेत. पहिला 'सम' म्हणजे बरोबरीचा, तर 'समीक्षा' या शब्दातील 'सम्' हा उपसर्ग असून त्याचा अर्थ 'नीट', 'सर्व बाजूंनी' असा होतो. 'तज्ज्ञ परीक्षण' हा शब्द सुबोध खरा, परंतु त्यात समानतेची कल्पना हरवते. 'परीक्षक' म्हटले की उत्तरपत्रिका तपासणारा मनुष्य मराठी वाचकाच्या मनात येतो. त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. शोधनिबंधाच्या परीक्षकाला ते ठाऊक नसते. तो आज ज्या आसनावर बसला आहे तेथे उद्या लेखक बसणार आहे, आणि तो स्वतः लेखकाच्या जागी उभा राहणार आहे. ही अदलाबदल या पद्धतीचा नैतिक पाया होय.

१. प्रत्यक्ष कार्यपद्धती

निबंध नियतकालिकाकडे आला म्हणजे तो प्रथम संपादक वाचतो. विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो काय, मांडणी किमान दर्जाची आहे काय, वाङ्मयचौर्याचा संशय येतो काय, एवढे पाहून अनेक निबंध याच टप्प्यावर परत केले जातात. उरलेल्या निबंधांसाठी संपादक त्या विषयात प्रत्यक्ष काम केलेले बहुधा दोन, क्वचित तीन, परीक्षक निवडतो. परीक्षकांना सामान्यतः मोबदला नसतो. लेखकाशी ज्याचे गुरुशिष्याचे, सहलेखकाचे, नात्याचे वा उघड वैराचे संबंध आहेत त्याने हे काम नाकारावे, असा संकेत आहे.

परीक्षकाचा अभिप्राय बहुधा दोन भागांत असतो. एक भाग केवळ संपादकासाठी, दुसरा लेखकाला कळविण्यासाठी. त्यावरून संपादक चारांपैकी एक निर्णय घेतो. निबंध आहे तसा स्वीकारणे, किरकोळ दुरुस्त्या सुचविणे, मूलगामी फेररचना मागणे किंवा नाकारणे. पहिला निर्णय फार क्वचित होतो. नवख्या लेखकाला मूलगामी फेररचनेची सूचना नकारासारखी वाटते. वस्तुतः ते निबंध पुन्हा पाहण्याचे निमंत्रण असते. लेखकाने मग प्रत्येक आक्षेपाला क्रमवार उत्तर द्यावयाचे असते. कोणता बदल कोठे केला, आणि जो केला नाही तो कोणत्या कारणास्तव, हे त्याने सांगावे लागते. परीक्षकाची प्रत्येक सूचना शिरसावंद्य मानलीच पाहिजे असे नाही. सकारण नकार हाही उत्तराचा एक प्रतिष्ठित प्रकार आहे.

नावे झाकण्याच्या दृष्टीने या पद्धतीचे तीन प्रकार संभवतात. लेखकाला परीक्षक माहीत नाही पण परीक्षकाला लेखक माहीत आहे, ती एकतर्फी अनामिकता. दोघांनाही एकमेकांची नावे अज्ञात, ती उभयपक्षी अनामिकता. आणि दोघांचीही नावे उघड, ते खुले परीक्षण. विज्ञानशाखांत पहिला प्रकार दीर्घकाळ अधिक रूढ राहिला, तर सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांत दुसरा. यांपैकी कोणत्याही प्रकारात संपादक मात्र सर्वांना ओळखत असतो. निनावी पत्र आणि अनामिक अभिप्राय यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. निनावी पत्राचा लेखक कोणालाच उत्तरदायी नसतो. परीक्षकाने काय लिहिले, किती काळजीने लिहिले आणि कोणत्या सुरात लिहिले, हे जाणणारी एक व्यक्ती निश्चितपणे असते.

२. इतिहास

ही पद्धती विद्येइतकीच जुनी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ च्या मार्च महिन्यात 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा त्यात काय छापावे याचा निर्णय प्रायः त्यांचा स्वतःचाच होता. १७५२ मध्ये सोसायटीने हे नियतकालिक अधिकृतपणे आपल्याकडे घेतले आणि निबंधांच्या निवडीसाठी एक समिती नेमली. समितीचे सभासद गुप्त मतदान करीत. आलेले निबंध विषयवार जाणकार सभासदांकडे पाठवावेत आणि त्यांची नावे लेखकास कळू देऊ नयेत, ही कल्पना एडिंबरो येथील वैद्यकमंडळाच्या निबंधसंग्रहात अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकातच आढळते. तथापि ती तेव्हा सर्वत्र पसरली नाही.

लेखी अभिप्रायाची पद्धत रॉयल सोसायटीत विल्यम ह्यूएल यांच्या सूचनेवरून १८३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आली. इंग्रजीतील 'सायंटिस्ट' हा शब्द घडविणारे ते हेच. जॉर्ज एअरी यांच्या पृथ्वी व शुक्र यांच्या गतींविषयीच्या निबंधावर ह्यूएल आणि जॉन लबक या दोघांनी १८३२ मध्ये अभिप्राय द्यावयाचा होता. पहिल्याच प्रसंगी दोघांचे जमले नाही. निबंधाचे ज्ञानक्षेत्रातील स्थान दाखवून देणे हे अभिप्रायाचे काम, असे ह्यूएल यांचे म्हणणे होते. तपशिलातील दोष दाखविणे हे ते काम, असा लबक यांचा आग्रह होता. परीक्षण म्हणजे रसग्रहण की दोषदर्शन, हा वाद अशा रीतीने पद्धतीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. अभिप्राय प्रसिद्ध व्हावेत ही ह्यूएल यांची मूळ कल्पनाही टिकली नाही, आणि थोड्याच काळात ते गोपनीय झाले.

एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही बहुसंख्य नियतकालिके संपादकाच्या मतानुसारच चालत. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन व क्रिक यांचा सुप्रसिद्ध निबंध १९५३ मध्ये 'नेचर'ने बाहेरील परीक्षकांकडे न पाठविता छापला. त्या नियतकालिकात परीक्षणाची पद्धत नियमितपणे लागू झाली ती १९७३ मध्ये. म्हणजे आज जी रीत सनातन वाटते तिचे सार्वत्रिक रूप अर्ध्या शतकाहून फारसे जुने नाही. संशोधकांची वाढती संख्या, विषयांचे वाढते विशेषीकरण आणि सार्वजनिक पैशांच्या विनियोगाचा हिशोब देण्याची गरज या कारणांनी ती सर्वत्र पसरली.

३. दोन प्रकरणे

या पद्धतीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य दाखविणारी दोन प्रकरणे उद्बोधक आहेत. त्यांपैकी पहिल्याचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे.

जॉन जेम्स वॉटरस्टन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील उमेदवारांना शिकविण्यासाठी १८३९ मध्ये मुंबईस आले. वायूचा दाब व उष्णता ही त्याच्या सूक्ष्म कणांच्या गतीची फले आहेत, या सिद्धान्ताचे विस्तृत गणिती विवेचन करणारा निबंध त्यांनी १८४५ च्या अखेरीस मुंबईहून रॉयल सोसायटीकडे पाठविला. एका परीक्षकाने तो निव्वळ अर्थशून्य असून सभेत वाचण्याच्याही योग्यतेचा नाही, असा शेरा मारला. निबंधाचा केवळ सारांश १८४६ मध्ये छापला गेला. सोसायटीच्या नियमानुसार हस्तलिखित परत मिळत नसे, आणि लेखकाजवळ दुसरी प्रत नव्हती. पुढे क्लाउझिअस यांनी १८५७ मध्ये व मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये याच दिशेने मांडणी करून कीर्ती मिळविली. वॉटरस्टन यांचा अंत १८८३ मध्ये झाला. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना ते हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरात सापडले आणि १८९२ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर सुमारे ४६ वर्षांनी, ते 'ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रकरणात परीक्षकाचे नाव लेखकाला कळले असते तर निर्णय बदलला असता असे दिसत नाही. परीक्षकासमोर लेखकाचे नाव होते, आणि ते अपरिचित होते, ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. स्वतः रॅले यांनी निबंध छापताना तरुण लेखकांना जो सल्ला दिला तो या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. अपरिचित लेखकाने धाडसी कल्पना प्रथमच मोठ्या संस्थेपुढे न नेता, लहान व मर्यादित कामांनी आधी नाव मिळवावे, असा त्याचा आशय होता. सल्ला व्यवहार्य असेल, परंतु निबंधाची किंमत नावावर ठरते याची ती कबुलीच होय.

दुसरे प्रकरण उलट बाजूचे आहे. १९३६ मध्ये आइन्स्टाइन व रोझेन यांनी गुरुत्वलहरी अस्तित्वात नाहीत असा निष्कर्ष काढणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठविला. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे धाडला आणि परीक्षकाचे सविस्तर, टीकात्मक टिपण आइन्स्टाइन यांना कळविले. छापण्यापूर्वी आपला निबंध इतर तज्ज्ञांना दाखविण्याचा अधिकार आपण दिला नव्हता, असे उत्तर देऊन आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. यानंतर हॉवर्ड रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञांशी आइन्स्टाइन यांचे सहकारी इन्फेल्ड यांचे बोलणे झाले आणि त्यांनी युक्तिवादातील चूक दाखविली. निबंध १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात निघाला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. रॉबर्टसन हेच ते अनामिक परीक्षक होते, हे २००५ मध्ये डॅनियल केनेफिक यांनी प्रसिद्ध केले. तोवर जवळजवळ ७० वर्षे लोटली होती. जगप्रसिद्ध लेखकाला 'येथे चूक आहे' असे लेखी सांगण्याची मोकळीक परीक्षकाला मिळाली ती या पडद्यामुळे, आणि ते सांगणे खरे ठरले ते त्यातील गणितामुळे. या दोहोंत नावाला स्थान नव्हते.

४. नाव झाकल्याने काय साधते

परीक्षकाचे नाव झाकण्याचे प्रयोजन उघड आहे. कनिष्ठ अधिव्याख्यात्याला ज्येष्ठ प्राध्यापकाच्या निबंधाबद्दल स्पष्ट मत देता यावे, आणि त्याची किंमत त्याला पुढच्या निवड समितीपुढे मोजावी लागू नये. लेखकाचे नाव झाकण्याचे प्रयोजन मात्र अनेक काळ विवादास्पद राहिले. या प्रश्नावर आता प्रयोगसिद्ध पुरावा उपलब्ध आहे.

१९८२ मध्ये पीटर्स व सेसी या मानसशास्त्रज्ञांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत संस्थांतील लेखकांचे १२ निबंध, जे आधीच छापून आले होते, त्यांनी लेखक व संस्था यांची काल्पनिक नावे घालून पुन्हा त्याच नियतकालिकांकडे पाठविले. केवळ तीन निबंधांच्या बाबतीत पुनरावृत्ती ओळखली गेली. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि कारणे बहुतांशी पद्धतीतील गंभीर दोषांची दिली गेली. नमुना लहान असल्याने आणि तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या प्रयोगावर बरीच टीका झाली. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा कौल त्याच दिशेचा आहे. नोबेल पारितोषिकाचा मानकरी असलेला एक अर्थशास्त्रज्ञ व एक अल्पपरिचित संशोधक यांनी मिळून लिहिलेला एकच निबंध निरनिराळ्या परीक्षकांना दाखविण्यात आला. केवळ प्रसिद्ध लेखकाचे नाव दाखविले तेव्हा २३ टक्के परीक्षकांनी तो नाकारावा असे सुचविले, नाव मुळीच न दाखविता ४८ टक्क्यांनी, आणि केवळ अल्पपरिचित लेखकाचे नाव दाखविले तेव्हा ६५ टक्क्यांनी. निबंधातील एकही अक्षर बदललेले नव्हते. वॉटरस्टन यांच्या बाबतीत जे अनुमानाने म्हणावे लागते ते येथे आकड्यांत दिसते.

खुल्या परीक्षणाचाही प्रयोग झालेला आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे आढळले की, परीक्षकांना सही करण्यास सांगितल्याने अभिप्रायांचा दर्जा सुधारला नाही आणि घसरलाही नाही, परंतु काम नाकारणाऱ्यांचे प्रमाण वाढले. तरीही त्या नियतकालिकाने न्यायाच्या तत्त्वावर सहीची पद्धत स्वीकारली. यावरून एवढे लक्षात येते की, पद्धतीची निवड केवळ परिणामांवरून होत नाही, तर कोणता दोष अधिक सुसह्य मानावयाचा यावरूनही होते.

५. भाषाविज्ञानातील विशेष अडचण

उभयपक्षी अनामिकता तत्त्वतः इष्ट असली तरी ती पूर्णपणे साधत नाही. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'ने केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नावे काढून टाकूनही निम्म्याच्या जवळपास निबंधांचे लेखक परीक्षकांना ओळखता आले. भाषाविज्ञानात, विशेषतः बोलींच्या अभ्यासात, ही अडचण अधिक तीव्र होते. एखाद्या बोलीवर काम करणारे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. लेखकाचे नाव पहिल्या पृष्ठावरून काढले तरी ते सामग्री गोळा केलेल्या गावाच्या नावावरून, लिप्यंतराच्या विशिष्ट पद्धतीवरून वा आवडत्या परिभाषेवरून परत येते.

अशा वेळी काही उपाय संभवतात. स्वतःच्या पूर्वीच्या लेखनाचा उल्लेख तृतीय पुरुषी करावा. 'यापूर्वी प्रस्तुत लेखकाने दाखविले आहे' अशी रचना टाळावी. ऋणनिर्देश स्वीकृतीनंतर जोडावा, आणि संगणकीय प्रतीच्या अंतर्गत नोंदींतील नावही काढावे. मात्र गावाचे, समाजगटाचे वा निवेदकाच्या वयोगटाचे उल्लेख केवळ अनामिकतेसाठी गाळणे अयोग्य होय. ती माहिती हाच पुरावा असतो, आणि पुराव्याची हानी करून न्याय साधत नाही. परीक्षकाला लेखक ओळखता आला आणि हितसंबंध आडवा येत असला, तर त्याने संपादकास तसे कळवावे, हाच येथे प्रामाणिक मार्ग आहे.

६. मर्यादा आणि गैरवापर

परीक्षण म्हणजे सत्याची हमी नव्हे. परीक्षक निबंध वाचतो. तो प्रयोग पुन्हा करीत नाही, ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकत नाही, निवेदकांच्या गावी जात नाही. युक्तिवादातील तुटलेला दुवा, दुर्लक्षिलेला पूर्वाभ्यास, प्रतिकूल उदाहरण, सामग्रीपेक्षा मोठा निष्कर्ष या गोष्टी तो दाखवू शकतो. हेतुपुरस्सर बनावट केलेली सामग्री त्याच्या दृष्टीतून सहज निसटते.

अनामिकतेचा आडोसा घेऊन होणारे गैरप्रकारही नोंदले पाहिजेत. प्रतिस्पर्ध्याचा निबंध अडवून धरणे, अप्रकाशित कल्पना उचलणे, आपल्याच ग्रंथांचा उल्लेख करावयास लावणे, उपहासाचा सूर लावणे, हे प्रकार अपरिचित नाहीत. याहून विलक्षण प्रकार २०१४ मध्ये उघडकीस आला. एका अभियांत्रिकी नियतकालिकाने ६० निबंध मागे घेतले, कारण खोट्या नावांची खाती उघडून परीक्षणाची यंत्रणाच ताब्यात घेणारे एक कडे आढळून आले होते. म्हणजे लेखकाच्या बाजूची मंडळीच परीक्षकाच्या वेषात बसली होती. ज्या पद्धतीत नावे झाकलेली असतात तेथे ती नावे खरी आहेत काय, हे पाहणारा कोणीतरी असावाच लागतो.

शुल्क घेऊन काहीही छापणारी आणि परीक्षणाचा केवळ देखावा करणारी नियतकालिके ही भारतीय विद्यापीठांपुढील आणखी एक अडचण होय. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' योजना सुरू केली. तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राचा प्रमुख भाग होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि नियतकालिक निवडण्यासाठी सूचक निकष पुढे ठेवले. परिणामतः, एखाद्या नियतकालिकात खरोखर परीक्षण होते काय, हे ठरविण्याचा भार आता विभागांवर, मार्गदर्शकांवर व विद्यार्थ्यांवर आला आहे. त्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते. आठ दिवसांत, एकही प्रश्न न विचारता, शुल्काच्या मागणीसह स्वीकृती आली, तर तेथे परीक्षण झालेले नाही असे खुशाल समजावे.

७. संपादकाचे स्थान

वरील विवेचनावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अनामिक परीक्षणातील न्याय अनामिकतेतून आपोआप उत्पन्न होत नाही. नाव झाकल्याने परीक्षकास धैर्य मिळते आणि लेखकास समान वागणूक मिळण्याची शक्यता वाढते. परंतु धैर्याचे औद्धत्य होऊ न देणे हे संपादकाचे काम आहे. दोन अभिप्राय परस्परविरुद्ध आले असता मतांची बेरीज न करता कारणे तोलून पाहणे, अपमानकारक वाक्ये लेखकाकडे जाऊ न देणे, हितसंबंध तपासणे आणि अंतिम निर्णय स्वतःच्या सहीने देणे, ही कर्तव्ये त्याला दुसऱ्यावर सोपविता येत नाहीत. वॉटरस्टन यांच्या बाबतीत एका परीक्षकाचे अज्ञान घडले, आणि ते तोलून पाहणारा कोणी निघाला नाही. टेट यांनी एका अनामिक टिपणाच्या पाठीशी उभे राहून थोर लेखकाचा रोष पत्करला.

मराठीतून चालणाऱ्या संशोधनपत्रिकांना ही जबाबदारी अधिक जाणवते, कारण येथे विद्वानांचे वर्तुळ लहान आहे आणि हस्ताक्षर न पाहताही माणूस ओळखला जातो. तथापि हे वर्तुळ रुंदावणे अशक्य नाही. बडोदे, हैदराबाद व गोवा येथील विद्यापीठांतील मराठीचे अभ्यासक, कन्नड, कोंकणी, गुजराती या शेजारच्या भाषांवर काम करणारे भाषावैज्ञानिक, तसेच समाजशास्त्र व इतिहास या विषयांतील मराठी वाचणारे संशोधक यांच्याकडे निबंध पाठविता येतात. दोन परीक्षकांपैकी निदान एक लेखकाच्या परिचितांपैकी नसावा, एवढा नियम जरी विभागांच्या पत्रिकांनी कसोशीने पाळला, तरी दूरच्या महाविद्यालयातून, कोणाच्याही शिफारशीवाचून आलेला निबंध त्याच्या गुणांवर वाचला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.